दोन नंबरच्या मशीनवरच्या लाकडी तलवारी

धाकट्या मुलाने बेंगळूरच्या व्हाइटफील्ड भागातल्या घरात दिवाणखान्याची एक अख्खी भिंत टीव्हीला देऊन टाकली आहे. गेल्या दसऱ्याला त्याने मला मधल्या सोफ्यावर बसवलं, कुठला स्पीकर कुठे लपवलाय ते बोट करकरून दाखवलं आणि तलवारबाजीच्या एका परदेशी चित्रपटाची डिस्क लावली. चित्र असं, की घोड्याच्या आयाळीतला केस न् केस वेगळा दिसावा. आवाज असा, की मागून घोडा आला तेव्हा मी पाय वर घेतले. मुलगा खूश. मग पहिली लढाई सुरू झाली, दोन पाती एकमेकांवर आदळली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवाज मागे आहे रे."

मुलगा म्हणाला, बाबा, यात मागे-पुढे असं काही नसतं, सगळं डिजिटल आहे. सूनबाईंनी हळूच कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. भांडण्याचा माझा स्वभाव नाही. आयुष्यभर मी कोणी रागावेल का, याच धास्तीत वावरलो. पण पस्तीस वर्षं मी थेटरात ऑपरेटर होतो. आवाज मागे पडण्याचा हा रोग मला चांगला ठाऊक आहे, कारण एकदा तो मीच लावला होता. आणि त्यापायी माझं बेंगळूर सुटायची वेळ आली होती.

मी मूळचा संगमेश्वराजवळच्या एका खेड्यातला. सातवीत नापास झालो आणि शाळेला रामराम ठोकला, म्हणजे शाळेनेच मला ठोकला. पुढची तीन-चार वर्षं गावच्या खाणीत जांभ्याचे चिरे फोडले. गावचे एक गृहस्थ कापडाच्या खरेदीला बेंगळुरास जायचे. त्यांच्याबरोबर आईने मला धाडलं. चिकपेटेत ते ज्या घरी उतरायचे तिथेच मला सोडून ते परत गेले. ते घर राधक्कांचं. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी कुटुंब. बोलायचे मराठीच, पण मला पहिले आठ दिवस निम्मं कळायचं नाही. अक्का ताटात भात वाढताना "स्वल्प घे की बा" म्हणायच्या आणि स्वल्प म्हणून डोंगर वाढायच्या. माडीवरची एक खोली त्यांनी मला दिली. पेठेबाहेरच्या रस्त्यावरच्या एका थेटरात त्यांच्या ओळखीने मला आधी दारावर आणि नंतर वर केबिनमध्ये घेतलं. या बाईंचे उपकार मोजायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही.

केबिनमध्ये मुख्य ऑपरेटर होते पुट्टस्वामी. त्यांना सगळे अण्णाच म्हणत. काडीसारखे बारीक, बोटंसुद्धा अशी निमुळती, की वीणा वाजवणाऱ्याची वाटावीत. हेच माझे गुरू.

आता ज्यांनी केबिन आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्रपट यायचा तो पंधरा-सोळा रिळांत. एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. म्हणून मशीनं दोन. एक नंबरवर पहिलं रीळ चालू असताना दोन नंबरवर दुसरं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका, त्या क्षणी झडप फिरवून प्रकाश या मशीनवरून त्या मशीनवर. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. कळलं की शिट्ट्या. प्रकाश यायचा तो दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीतून. कांड्या जळून आखूड होतात, त्या सारख्या जवळ आणत राहायच्या. अंतर बरोबर असलं तर पडदा दुधासारखा, जरा चुकलं तर हळदीसारखा. मारामारीचे प्रसंग हटकून किल्ल्यातल्या अंधारात असत, तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. नाहीतर कोण कुणाला मारतोय ते मारणाऱ्यालाच ठाऊक.

आणि आवाज. तो त्याच फितीच्या कडेला एका बारीक पट्टीत छापलेला असतो. पण गंमत अशी, की चित्र आणि त्याचा आवाज फितीवर शेजारी-शेजारी नसतात. चित्र दाखवायची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा तिच्या खाली वीतभर अंतरावर. म्हणून आवाजही तेवढाच पुढे छापलेला. मधल्या जागेत फितीला थोडा झोल द्यावा लागतो. हा झोल बरोबर बसला तर ओठ हलले की शब्द. झोल मोठा झाला तर चित्र पुढे, आवाज मागे.

हा झोल मोजायचा कसा? अण्णांनी मला शिकवलं तसा. झोलात चार बोटं आडवी घालायची. चार बोटं अलगद बसली की झालं. मोजपट्टी नाही, खूण नाही. अण्णांच्या गुरूने अण्णांना असंच शिकवलं होतं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडे तलवारबाजीचा एक तमिळ चित्रपट लागला आणि हलायलाच तयार होईना. आठवड्यांमागून आठवडे. मला तमिळ येत नव्हतं. कन्नडही पोटापुरतंच. पण मारामारीला भाषा लागत नाही, तेव्हा मी खूश होतो. एक नंबरचं मशीन जुनं आणि खोडकर, ते अण्णा सांभाळत. दोन नंबरवर मी.

त्याच सुमाराला अण्णांनी गावी परतायचं ठरवलं. त्यांची जागा मला मिळावी असं त्यांच्या मनात होतं. पण एकट्याने मशीन चालवायला सरकारी परवाना लागतो. इन्स्पेक्टर केबिनमध्ये येऊन परीक्षा घेतात. माझी तारीख आली होती दोन आठवड्यांनंतरची. मॅनेजरने मला स्पष्टच सांगितलं होतं, पास झालास तर अण्णांच्या जागी तू, नाहीतर मद्रासहून परवानावाला माणूस येईल आणि त्याच्याबरोबर त्याचा मदतनीसही येईल. म्हणजे मला चिरेखाण. आणि आईने तर गावभर सांगून ठेवलं होतं, आमचा दत्ताराम बेंगळुरास मशीनवर आहे.

सातवी नापास माणसाला परीक्षा या शब्दानेच घाम फुटतो. मी तेव्हापासून रात्रीचं जेवण कमी केलं. राधक्कांच्या ते लगेच लक्षात आलं. "कार्बन खातोस काय रे तिकडे?" म्हणाल्या.

त्यात आले उस्ताद नंजप्पा.

पेठेत तेव्हा गल्लोगल्ली तालमी होत्या. इकडे तालमीला गरडी म्हणतात. नंजप्पा अशा एका गरडीचे उस्ताद. साठीचं वय, वाटोळ्या मिशा, हातात कायम वेताची लाठी. कुस्ती, लाठी, दांडपट्टा, तलवार, सगळं शिकवायचे. आठवड्यातून दोनदा दुपारच्या खेळाला येऊन पुढच्या बाकावर, बरोबर मधोमध बसायचे. त्या दिवशी खेळ सुटल्यावर ते मॅनेजरच्या खोलीत गेले आणि मला नि अण्णांना खाली बोलावणं आलं.

तक्रार ऐकून मॅनेजरलाही काही कळेना. उस्तादांचं म्हणणं असं: पहिली लढाई किल्ल्याच्या चौकात होते, त्यातल्या तलवारी पोलादी आहेत. शेवटची लढाई नदीकाठी होते, त्यातल्या लाकडी आहेत. माणसं तीच, तलवारी त्याच. मग मधल्या वेळात तुम्ही तलवारी बदलता का?

मॅनेजर म्हणाला, उस्ताद, तलवारी मद्रासवाल्यांच्या, आम्ही नुसतं दाखवतो. उस्ताद म्हणाले, "मी चाळीस वर्षं लोखंड वाजवतोय. मला लाकूड कळतं." आणि लाठी टेकत निघून गेले. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला की परीक्षेच्या तोंडावर आवाजाची तक्रार बरी नव्हे.

लाकूड म्हणजे आवाज घोगरा येत असणार, असा माझा तर्क. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी दोन नंबरचं मशीन उघडलं. आवाजाचा दिवा बदलला. भिंग स्पिरिटने पुसलं. फीत जिथून सरकते तो रूळ मऊ ब्रशने असा घासला, की राधक्कांनी देवसुद्धा इतके घासले नसतील. अण्णा कोपऱ्यात स्टुलावर बसून विडीशिवाय तळमळत होते (केबिनमध्ये विडीला सक्त मनाई, फीत पेट घेते).

गुरुवारी उस्ताद पुन्हा आले. खेळ सुटल्यावर मी स्वतःच धावत दाराशी गेलो आणि मोडक्या कन्नडात विचारलं, आज कसं वाटलं?

उस्ताद (धाकट्या कुणालाही ते तम्मा म्हणत) विचार करून म्हणाले, "सुधारणा आहे तम्मा. आधी लाकूड अंधुक ऐकू येत होतं. आता स्पष्ट येतं."

मी वर येऊन अण्णांना हे सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की मशीनला धरून उभे राहिले. मला रडू यायचं बाकी होतं. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, चौकातली लढाई कुठल्या रिळात? पाचव्या. नदीकाठची? चौदाव्या. माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही. अण्णा एवढंच म्हणाले की रविवारी दुपारच्या खेळाला तू वर यायचं नाहीस, खाली उस्तादांच्या शेजारी बसायचंस. दोन्ही मशीनं मी एकटा बघतो.

दोन वर्षं मी तो चित्रपट केबिनच्या भोकातून... म्हणजे दोन वर्षं नव्हे, पण मला तेवढी वाटत होती... पाहिला होता. बाकावर बसून पहिल्यांदाच पाहत होतो. केबिनमध्ये मशीनचा खडखडाट एवढा, की आवाज चालू आहे की बंद एवढंच कळतं. इथे खाली बायका नायिकेला सल्ले देत होत्या, माणसं खलनायकाची आई-बहीण काढत होती. माझ्या शेजारी आनेकलहून दर रविवारी बसने येणारे एक मास्तर होते. ते सगळा चित्रपट डोळे मिटून ऐकायचे आणि मारामारी आली की उघडायचे. उस्ताद मात्र ताठ. लाठी मांडीवर आडवी.

चौकातली लढाई आली. खण्. उस्तादांनी मान हलवली. मी वाट पाहत राहिलो. नदीकाठची लढाई आली. नायकाने वार केला, खलनायकाने अडवला. खण्! पुन्हा खण्! उस्तादांनी लाठी उचलून सरळ वर धरली. मागचा कोणीतरी ओरडला की काठी खाली घे. उस्तादांनी घेतली नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज दोन्ही पोलाद."

आज मी वर नव्हतो. विषम आकड्यांची रिळं एक नंबरवर जातात, सम आकड्यांची दोन नंबरवर. पाचवं अण्णांचं. चौदावं माझं. लाकूड मशीनमध्ये नव्हतं, माझ्यात होतं.

खेळ सुटल्यावर मी केबिनमध्ये गेलो तो परीक्षा न देताच नापास होऊन. अण्णांनी मला दोन नंबरवर फीत चढवायला सांगितली. मी चढवली. झोलात चार बोटं घातली. अण्णांनी माझा हात तसाच धरून ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला हात उघडून धरला.

चिरे फोडलेली बोटं ती. माझी तीन म्हणजे त्यांची चार! त्यांच्या चार बोटांचा झोल आणि माझ्या चार बोटांचा झोल यांत अडीच-तीन चित्रांचा फरक पडत होता. म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा, थोडासा जास्तच. पाती आदळून दूर झाल्यावर खण् ऐकू येत होतं. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, फक्त वार पोकळ वाटतो. उस्ताद त्याला लाकूड म्हणत होते आणि बरोबरच म्हणत होते. आणि केबिनमध्ये खडखडाट नसता नि मला तमिळ कळत असतं, तर ओठ आणि शब्द यांची चुकामूक कधीतरी माझ्याच ध्यानात आली असती.

"माझीच चूक," अण्णा म्हणाले. "बोटं शिकवली, हात पाहिला नाही."

असा गुरू मी पुढे पाहिला नाही. चूक सरळ स्वतःच्या पदरात घेऊन मोकळा झाला.

राधक्कांना हे सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या, मग फळीवरून आपल्या मुलाची जुनी लाकडी फुटपट्टी काढून दिली. अण्णांच्या चार बोटांच्या मापाने मी ती करवतीने कापली. सातवीपर्यंत जी वस्तू मला फक्त हातावर खाण्यापुरती ठाऊक होती, ती अशी उपयोगी पडली. उस्तादांनी तर मला सकाळी गरडीत बोलावलं. लाल मातीत दोन पोरं समोरासमोर उभी करून त्यांच्याकडून पात्यांवर पाती वाजवून घेतली. मला म्हणाले, आधी दिसलं की आधी ऐकू आलं? मी म्हटलं, एकदम. म्हणाले, मग तेच वर बसून दे. आणि आपसात ठरलं, की ते बाकावर असतील तेव्हा पोलाद असलं तर लाठी वर, लाकूड असलं तर लाठी मांडीवर. केबिनच्या भोकातून मला दिसेल.

परीक्षेचा दिवस उजाडला. दुपारचा खेळ. इन्स्पेक्टरसाहेब गोरेपान, घारे, चष्म्यावरून पाहणारे. आग लागली तर पहिलं काय कराल, इथून सुरुवात. उत्तरं मला झोपेतही येत होती, पण कन्नड ऐनवेळी पळून जात होतं. अर्धं मी हातवारे करून सांगितलं. मग चौदावं रीळ माझ्या हातात देऊन ते म्हणाले, चढवा. मी फीत ओवली, खिशातून फुटपट्टीचा तुकडा काढला आणि झोलाला लावणार तोच साहेबांनी हात पुढे केला. तुकडा उलटसुलट करून पाहिला. हे कुठल्या कंपनीचं, असं विचारलं. मी म्हटलं, राधक्कांच्या मुलाचं. साहेबांनी तो तुकडा स्वतःच्या खिशात टाकला. हे हरवलं तर काय करशील, म्हणाले, याच्याशिवाय चढव.

अण्णा परीक्षेपुरते केबिनच्या बाहेर जिन्यावर उभे होते. त्यांच्याकडे पाहायची सोय नव्हती. गेले चार दिवस मी त्या तुकड्याच्या जिवावर जगलो होतो. मग मी माझ्याच हाताकडे पाहिलं. चिरेखाणीतला हात. एक बोट दुमडलं. तीन बोटं झोलात घातली, अलगद बसली, आणि मी झाकण लावलं.

ठिपका आला. मशीन सुरू. दुसरा ठिपका. झडप. पडद्यावर नदीकाठ आला, दुधासारखा.

साहेब म्हणाले, आता मला सांग, आवाज बरोबर जुळलाय हे तुला कसं कळणार? इथे खडखडाट, आणि तमिळ तर तुला येत नाही.

खोटं बोलण्याइतकं कन्नड माझ्याकडे नव्हतं. "पुढच्या बाकावर उस्ताद नंजप्पा बसलेत," मी म्हटलं. "ते सांगतील."

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि भोकाला डोळा लावला. मी दुसऱ्या भोकाला. नायकाने तलवार उपसली. खलनायक उतरला. पहिला वार झाला. पुढच्या बाकावर काही हललं नाही. दुसरा वार. तिसरा. मग अंधारातून, पडद्याच्या उजेडात, एक काळी लाठी सावकाश वर आली आणि सरळ उभी राहिली. नदीच्या मधोमध. मागून ओरडा सुरू झाला. लाठी तशीच.

साहेबांनी भोकापासून डोळा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परवाना तुझ्या नावाने लिहू, की त्याच्या?"

बाहेर जिन्यावर अण्णांच्या हसण्याचा आवाज आला. जाताना साहेबांनी फुटपट्टीचा तुकडा माझ्या हातात परत ठेवला. परवाना महिन्याभराने टपालाने आला. तो राधक्कांनी देवापुढे ठेवला, आणि त्या दिवशी वाढलेल्या भाताला स्वल्प म्हणायची तसदीही घेतली नाही. आईला मी पत्र लिहिलं, की मशीन आता माझ्या नावावर आहे. तिने गावात सांगितलं, की मशीन दत्तारामने विकत घेतलं. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

अण्णा गावी गेले. मला कन्नड लिहायला यायचं नाही, त्यांना मराठी वाचायला. कोणाकडून तरी लिहवून घेऊ, घेऊ म्हणता म्हणता ते गेल्याचीच बातमी आली. ही एक रुखरुख आहे ती आहे. उस्ताद आणखी बरीच वर्षं येत राहिले. पुढे चित्रपटांत तलवारी जाऊन बंदुका आल्या, तेव्हा एकदा मला भेटून म्हणाले की तम्मा, बंदुकीचं खरं-खोटं मला कळत नाही, आता तुझं तू बघ. त्यानंतर ते बाकावर दिसले नाहीत. थेटरही गेलं. फुटपट्टीचा तुकडा मात्र माझ्या देवघरात आहे.

तर त्या दसऱ्याची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा जरा उतरलेला. त्याने त्या यंत्राचं पुस्तक उघडून पाहिलं होतं. त्यात चित्र आणि आवाज जुळवायची सोय होती. हातातल्या रिमोटवर आकडे पुढे-मागे करता येतात. म्हणाला, बाबा, जरा बाहेर येऊन बसता का? मला फरक कळत नाहीये.

मी मधल्या सोफ्यावर बसलो. काठी मांडीवर आडवी घेतली. हल्ली गुडघ्यांमुळे ती लागतेच. त्याने तीच लढाई लावली. एक आकडा पुढे. वार झाला, आवाज मागे. आणखी एक पुढे. अजूनही मागेच. आणखी एक. त्याची नजर टीव्हीवर नव्हती, माझ्यावर होती, आणि मला जिन्यावर उभे असलेले अण्णा आठवले.

मग दोन पाती आदळली, आणि माझी काठी आपोआप वर गेली.

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. काय झालं बाबा, काय होतंय, म्हणून विचारू लागल्या.

"काही नाही," मी म्हटलं. "पोलाद."